पिल्लू 'बाहेर ने' म्हणायला कसं शिकतं? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

संशोधनाचा विषय निवडताना बरेच जण 'मोठा' विषय शोधत बसतात. आज मी मुद्दाम अगदी घरातला प्रश्न घेते आहे. कुत्र्याच्या पिल्लाला घरात शी-शू न करण्याची सवय कशी लावायची, याबद्दलचं माणसाचं ज्ञान कसं बदलत गेलं?

हा प्रश्न मला माझ्या चुकीतून मिळाला. प्रबंधाचं दुसरं प्रकरण लिहीत होते तेव्हा दोन महिन्यांचं पिल्लू घरी आणलं. नाव भुऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्याने माझ्या टिपणांच्या वहीवर शू केली. शेजारच्या काकांनी सांगितलं, "नाक घास त्यात आणि पेपरची गुंडाळी आपट, पुन्हा करणार नाही." मी तसंच केलं. दोन दिवस घर कोरडं. चौथ्या दिवशी सोफ्यामागून वास आला. भुऱ्याने शू करणं थांबवलं नव्हतं, फक्त माझ्यासमोर करणं थांबवलं होतं. बाहेर नेलं तरी मी शेजारी उभी असेपर्यंत करेना.

मग मी पुस्तकं आणि शोधनिबंध काढून बसले.

आधी शब्द तपासा

या सवयीला मराठीत रूढ असा एक शब्द नाही. आपण सरळ 'टॉयलेट ट्रेनिंग' म्हणतो. असं दिसलं की थांबून विचार करा. कुत्रं अंगणात, ओट्याखाली राहायचं, आपलं आपण शेताकडे जाऊन यायचं, तिथे हा प्रश्नच नव्हता. कुत्रं बंद दाराच्या आत, फरशीवर राहायला आलं तेव्हा तो उभा राहिला. म्हणजे हा इतिहास जितका कुत्र्याचा, तितकाच घराच्या रचनेचाही आहे.

शिक्षेचा काळ

1910 साली जर्मनीत कोनराड मोस्ट यांचं कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं पुस्तक आलं. मोस्ट पोलिसी कुत्र्यांचे प्रशिक्षक. त्यांच्या पद्धतीत जबरदस्ती आणि शिक्षा भरपूर आहे. पण एक गोष्ट त्यांनी फार लवकर ओळखली. कुत्र्याला माणसासारखी नीती-अनीती कळत नाही, त्यामुळे बक्षीस असो वा शिक्षा, ती त्या कृतीच्या क्षणीच मिळायला हवी. म्हणजे तासाभराने नाक घासण्याला शिक्षेवर विश्वास असलेल्या माणसाच्या तर्कातही जागा नव्हती.

इथे पद्धतीचा एक मुद्दा लक्षात घ्या. असं मार्गदर्शक पुस्तक 'काय करावं' ते सांगतं. लोक घरोघरी काय करत होते, याचा तो थेट पुरावा नसतो. काकांचा सल्ला कुठल्या पुस्तकातून आलेला नाही, तो तोंडी आला आहे. छापील आणि तोंडी ज्ञान वेगवेगळ्या वेगाने बदलतं. तुमचा विषय शेती असो की बाळंतपण, हा फरक विसरू नका.

पिल्लाला आधीच काय येतं?

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि 1965 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पिल्लू जन्मल्यापासून कसं वाढतं, याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली.

पहिले काही आठवडे आई पिल्लाला चाटते तेव्हाच त्याला शी-शू होते, आणि ती घाण आईच साफ करते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लू झोपायची जागा सोडून थोडं लांब जाऊन शू करायला लागतं. आठ-नऊ आठवड्यांचं होईतो ठरावीक जागा वापरू लागतं. झोपायची जागा स्वच्छ ठेवणं त्याला कोणी शिकवत नाही.

यामुळे प्रश्नच बदलतो. 'घाणेरडं पिल्लू स्वच्छ कसं करायचं' हा प्रश्न मागे पडतो. पिल्लू स्वतःचं अंथरूण सांभाळतंच, पण आपलं सगळं घर म्हणजे त्याचं अंथरूण आहे हे त्याला माहीत नसतं. तेवढंच शिकवायचं असतं.

'त्याला कळतं, बघा कसा चेहरा केलाय'

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. 2009 साली न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी ते तपासलं. 14 कुत्री घेतली. मालकाने 'खाऊ खायचा नाही' असं बजावून खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाल्लं की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. अपराधी चेहऱ्याचा संबंध कुत्र्याने खाल्लं होतं की नाही याच्याशी लागला नाही. तो लागला मालकाच्या रागावण्याशी. भुऱ्याचे पडलेले कान मी कबुलीजबाब समजत होते. ती माझी भीती होती.

मागायला शिकवणं

2003 साली बुडापेस्टच्या अ‍ॅडम मिक्लोशी आणि सहकाऱ्यांनी माणसाळवलेले लांडगे आणि कुत्री यांची तुलना केली. आधी खाणं मिळवायची युक्ती शिकवली, मग ती अशक्य करून ठेवली. लांडगे बहुतेक झटतच राहिले. कुत्री लवकर मागे वळून माणसाकडे बघू लागली. दाराशी जाऊन आपल्याकडे बघणारं पिल्लू हेच करत असतं. आपल्याला फक्त त्या नजरेला उत्तर द्यायचं असतं.

उत्तर कसं द्यायचं, हे बी. एफ. स्किनर यांनी 1951 च्या एका लेखात सोप्या भाषेत मांडलं होतं. हवी ती कृती घडली की त्याच क्षणी आवाजाची खूण करा आणि खाऊ द्या.

मी दाराच्या कडीला एक छोटी घंटा बांधली. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी भुऱ्याला दाराशी न्यायचे. नाक घंटेला लागलं की दार उघडायचं आणि थेट गच्चीवरच्या ठरलेल्या कोपऱ्यात. लसी पूर्ण व्हायच्या होत्या, म्हणून रस्ता नको. तिथे शू झाली की लगेच शाबासकी आणि खाऊ. घरात झाली तर गप्प बसून पुसायचं. आणि प्रत्येक वेळ वहीत लिहायची. त्या नोंदींतूनच कळलं की बहुतेक चुका मी लिहिण्यात गुंग असतानाच्या होत्या.

घंटा आपणहून वाजली ती पाचव्या आठवड्यात, पहाटे. मी अर्ध्या झोपेत जिना चढले. भुऱ्याने कोपऱ्यात, माझ्यासमोर, शू केली. माझ्यासमोर करायला त्याला इतके दिवस लागले, हा माझ्या त्या एका दुपारचा हिशेब होता.

आता तुमच्यासाठी काम. तुमच्या घरातला, सगळे खात्रीने देतात असा एक सल्ला निवडा. तो छापील कुठे आहे, तोंडी कुठे आहे आणि कोणी तपासला आहे, हे तीन रकान्यांत लिहा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर संशोधनाचा प्रश्न तिथेच असण्याची शक्यता आहे.