वेताच्या रानातलं कासव

कासव म्हटलं की आपल्याला विहीर आठवते, तळं आठवतं, नाहीतर देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव. आज ज्याची हकिगत सांगणार आहे, ते मात्र पाण्यापासून लांब राहतं. सह्याद्री दक्षिणेकडे केरळात उतरतो, तिथल्या सदाहरित रानातल्या पालापाचोळ्यात. लांबी जेमतेम पाच इंच. नराचं तोंड लालभडक. गळलेली फळं, गोगलगायी, किडे हे त्याचं खाणं. इंग्रजीत त्याला वेताचं कासव म्हणतात.

१९१२ साली हेंडरसन या प्राणिशास्त्रज्ञानं कोचीन संस्थानातल्या जंगलात मिळालेल्या दोन कासवांवरून या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं 'सिल्व्हाटिका', म्हणजे रानातलं. त्यानंतर सत्तर वर्षं ते कुणा अभ्यासकाच्या नजरेस पडलं नाही. वाटलं, संपलं असेल.

१९८२ साली जे. विजया नावाची मद्रासची तरुणी त्याच्या शोधात निघाली. विद्यार्थिनी असल्यापासून तिथल्या सर्पोद्यानात साप-कासवांमध्ये रमलेली. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्रियांपैकी ती एक. कादर आदिवासींची मदत घेऊन तिनं रान धुंडाळलं, गुहेत मुक्काम ठोकला आणि कासव शोधून काढलं.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. कासव हरवलं होतं ते आपल्या पुस्तकांतून. कादरांच्या लेखी ते कधी हरवलंच नव्हतं. रानात वावरणाऱ्यांना ते ठाऊक होतं. त्यांना जाऊन विचारायला सत्तर वर्षं लागली. विजयाचं मोठेपण हे, की ती गेली, राहिली आणि तिनं विचारलं.

१९८७ साली विजया गेली. तिशीही गाठली नव्हती. पुढे जनुकांच्या अभ्यासातून दिसलं, की हे कासव इतर जातभाईंहून वेगळंच आहे. त्याला स्वतंत्र प्रजाती हवी. २००६ साली अभ्यासकांनी नवं नाव दिलं : 'विजयाचेलिस सिल्व्हाटिका'. चेलिस म्हणजे ग्रीक भाषेत कासव. विजयाचं कासव, रानातलं.

मी कविता लिहिणारा माणूस. दोन शब्दांत एवढा इतिहास मावलेला मी क्वचितच पाहिला आहे. पण नाव टिकून भागत नाही. हे कासव त्या ओलसर सावलीशिवाय जगत नाही. रान तुटलं, तर पुस्तकात नाव राहील आणि शोधायला जाणाऱ्या पुढच्या विजयाला पालापाचोळाही मिळणार नाही.