ग्रहण कुणासाठी लागत नाही

चंद्रग्रहण म्हटलं की मला एटापल्लीतली कोजागिरी आठवते. 17 ऑक्टोबर 1986, शुक्रवार. गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा होऊन चारच वर्षं झाली होती. अब्बा वनखात्यात कारकून म्हणून तिथे बदलून आले होते. चाळीत नागपूर-वर्ध्याकडून नोकरीला आलेली कुटुंबं. चाळीमागे जंगल आणि जंगलात माडिया गोंडांची गावं.

कोजागिरीला चाळीत दूध आटवायची रीत होती. पण त्या रात्री अकराच्या सुमारास ग्रहण लागणार होतं आणि दुपारपासूनच वेध होते, म्हणून दूध कुणी चुलीवर ठेवलंच नाही. मुलींनी भुलाबाईची गाणी लवकर आटोपली. शेजारच्या काकू अम्मीला बजावून गेल्या, "भाभी, आज विळी, सुरी काही हातात घेऊ नका बरं." अम्मीला पाचवा महिना होता. ती नुसती हसली.

ग्रहण लागलं तसं काकूंनी परातीत पाणी घेऊन मुसळ उभं केलं. अब्बांनी अंगणात जानमाज अंथरून दोन रकात नमाज पढली आणि मग आम्हाला घेऊन बाहेर बसले. मध्यरात्रीनंतर चंद्र पूर्ण झाकला गेला, न घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखा लाल झाला. वीज गेलेलीच होती. पौर्णिमेला कधी न दिसणारे तारे एकदम दिसू लागले. अम्मी शेजारी बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होती. ग्रहण सुटल्यावर "दे दान, सुटे गिरान" अशी हाक आली. काकू सूपभर तांदूळ घेऊन दारात गेल्या.

फेब्रुवारीअखेर मला भाऊ झाला. चांगला धडधाकट होता. पावसाळ्यात तो तापाने फणफणला. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा नाला दोन दिवस उतरला नाही. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरलं, तेव्हा कुठे जायची गरज उरली नव्हती.

काकू त्या रात्रीबद्दल कधीच काही बोलल्या नाहीत. अम्मीच बोलली, "मैंने उस रात सुपारी काटी थी ना."

तेव्हा अब्बांनी तिला मदिनेची गोष्ट सांगितली. पैगंबर मुहम्मद (स.) यांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला, त्याच दिवशी सूर्याला ग्रहण लागलं. खगोलाच्या गणिताने ती तारीख 27 जानेवारी 632 अशी येते. लोक म्हणू लागले, इब्राहीमसाठी सूर्यही काळवंडला. नुकतंच मूल गमावलेल्या बापाला हे ऐकून बरं वाटलं असतं. पण त्यांनी सांगितलं की सूर्य-चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कुणाच्या मरणाने किंवा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. अम्मीने ऐकून घेतलं. तिला ते किती पटलं, मला कळलं नाही.

पुढे वाचायला लागलो तेव्हा कळलं की सावलीचा हिशेब माणसाला फार पूर्वी जमला होता. पृथ्वीची सावली पडून चंद्राला ग्रहण लागतं, हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलं. 24 मे 997 रोजी ख्वारिझममधल्या काथहून तरुण अल-बिरूनीने आणि बगदादहून अबुल वफाने एकच चंद्रग्रहण पाहिलं. चंद्र सावलीत शिरतो तो क्षण सगळ्यांना एकच, फक्त गावागावाची वेळ वेगळी. वेळेतल्या एका तासाच्या फरकाला पंधरा अंश, या हिशेबाने त्यांनी दोन गावांच्या रेखांशांतलं अंतर काढलं. पुढे हाच अल-बिरूनी भारताविषयीच्या ग्रंथात ब्रह्मगुप्तावर रागावला: ग्रहणाचं गणित इतकं पक्कं माहीत असून हा माणूस राहूची बाजू का घेतो?

आपल्या खानदेशातही एक दाखला आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 साली श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या वेळी, सोईदेव निकुंभाने त्या मठाला दान दिलं. त्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. म्हणजे ग्रहण सुटावं म्हणून दान देण्याच्या रिवाजातूनच ग्रहणाचं गणित शिकवणारी शाळा पोसली गेली. काकूंच्या सुपाकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

पण एक गोष्ट अजून सलते. सावलीचं गणित हजार वर्षांपूर्वी जमलं. एटापल्लीच्या रस्त्यावर एक उंच पूल बांधण्याचं गणित 1987 सालीही जमलं नव्हतं. माझ्या भावाला ताप आला आणि रस्ता बंद होता, एवढंच घडलं. अम्मीने दोष सुपारीवर घेतला, म्हणून पुलाबद्दल आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नाही. अंधश्रद्धेचं खरं नुकसान मला इथे दिसतं. ती चुकीचं उत्तर देते आणि त्यामुळे बरोबर प्रश्न पडतच नाही.

7 सप्टेंबर 2025 च्या रात्री पुन्हा खग्रास ग्रहण होतं. अकरापासून 82 मिनिटं चंद्र पूर्ण सावलीत होता. आम्ही गच्चीवर बसून ढगांच्या फटींतून बघत होतो. माझ्या सुनेला सहावा महिना. तिने विचारलं, "दादी, मी बघू ना?"

"देख, बेटा. खुशाल बघ. त्याने काही होत नाही," अम्मी म्हणाली.

थोड्या वेळाने सुनेने पानदानातला अडकित्ता उचलला. अम्मीने तो हळूच तिच्या हातातून काढून घेतला. "राहू दे, मी कातरते."

मी काही बोललो नाही.