छतावरच्या काड्या

जुन्या टीव्हीचा विषय निघाला की बोलणं लगेच खोक्याकडे वळतं. सरकत्या शटरचा लाकडी खोका, त्यावर क्रोशाचं आच्छादन, त्यावर प्लास्टिकची फुलं. कृष्णधवल पडद्यापुढे लावायची ती रंगीत काच आठवते ना? वर निळी, खाली हिरवी. मग बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं आणि सदरा हिरवा. आज असे खोके जुन्या बाजारात चांगल्या किमतीला जातात, हॉटेलवाले शोभेला ठेवतात. मला त्यात फारसा रस नाही. खोका कुठेही नेला तरी सारखाच दिसतो. मी आज बोलणार आहे ते छतावरच्या अॅल्युमिनियमच्या काड्यांबद्दल. तुम्ही राहत होता त्या जागेला टीव्ही मिळत होता की नाही, आणि कुणाकडून, हे त्या काड्या सांगत.

आधी त्या काड्या म्हणजे काय ते बघू. हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा या दोन जपानी संशोधकांनी १९२६ मध्ये हा अँटेना जगापुढे मांडला. एक आडवी दांडी, तिच्यावर समांतर काड्या. मागची काडी सर्वांत लांब, ती आरशासारखी लाट परतवते. मधल्या काडीला वायर जोडलेली. पुढच्या काड्या थोड्या आखूड, त्या लाट गोळा करून मधल्या काडीकडे ढकलतात. म्हणजे अँटेनाला तोंड असतं, पाठ असते. तोंड प्रक्षेपकाच्या मनोऱ्याकडे करावं लागतं, नाहीतर पडद्यावर मुंग्या.

काडीची लांबीही उगाच ठरलेली नसते. ती लाटेच्या साधारण निम्मी असावी लागते. आपल्याकडे खालच्या पट्ट्यातली प्रक्षेपणं होती, ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या दरम्यानची. त्यांना सव्वादोन ते तीन मीटरची काडी लागे, म्हणजे माणसापेक्षा उंच. वरच्या पट्ट्यातल्या चॅनेलला पाऊण मीटर पुरे. त्यामुळे एखाद्या गावातले अँटेने नुसते बघूनही जाणकार सांगू शके, इथला प्रक्षेपक कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या दिशेला आहे. पुण्यात सगळ्या माळवदांवरच्या काड्या नैर्ऋत्येला, सिंहगडाकडे तोंड करून असत. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि पुढच्या वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्याला पोचवायला सिंहगडावर प्रक्षेपक बसला. ज्या गडाची गोष्ट पुणेकर लहानपणापासून ऐकतो, त्याच गडाकडे तोंड करून तो ‘गजरा’ बघू लागला.

गडच का? ही लाट जवळजवळ सरळ जाते. पृथ्वी वाकते, लाट फारशी वाकत नाही. ३०० मीटर उंचीवरून निघालेली लाट सपाट मुलखात सुमारे ७० किलोमीटरवर क्षितिजाला टेकते; त्यापलीकडे थोडंफार गळतं, तेवढंच. वरळीचा मनोरा साधारण एवढाच उंच. मध्ये सह्याद्री उभा असला तर सत्तरचाही हिशेब नाही. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा त्याचा पल्ला शहराभोवती चाळीसेक किलोमीटर होता. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, आणि ते बघायला ‘टेलिक्लब’, म्हणजे सार्वजनिक संचासमोर जमलेली माणसं. दिल्लीच्या त्या सुरुवातीच्या काळात तिथे काम करणाऱ्यांत पु. ल. देशपांडे होते. नेहरूंची दूरचित्रवाणीवरची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांनाच दिला जातो. एक मराठी माणूस पंतप्रधानांशी पडद्यावर बोलतो आहे आणि अख्ख्या महाराष्ट्रात ते बघण्याची सोय एकाही घरात नाही, अशी ती परिस्थिती.

मुंबई-पुणे झालं तरी मराठी टीव्ही म्हणजे दोन शहरं आणि त्यांचा आजूबाजूचा मुलूख. तुमच्यापैकी जे इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथले आहात, त्यांच्या घरच्या आठवणीत सत्तरच्या दशकातलं ‘किलबिल’ नसणार. सगळ्यांच्या लहानपणी सगळ्यांनी एकच टीव्ही बघितला, असं आजकाल गोड करून सांगतात. ते फार तर १९८४ नंतरचं खरं. त्याआधीचा टीव्ही पल्ल्यात असलेल्यांचा होता.

आणि पल्ला कुणाला द्यायचा हे सरकार ठरवत असे. याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात.

पहिलं ‘साइट’चं. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, बरोबर एक वर्ष. अमेरिकेच्या नासाचा एटीएस-६ हा उपग्रह त्या वर्षापुरता भारताला वापरायला मिळाला. सहा राज्यं: आंध्र, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओडिशा, राजस्थान. सुमारे २४०० खेडी, त्यातली बरीचशी अशी की जिथे धड रस्ता नव्हता. तिथे काड्यांचा अँटेना नव्हता. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटरची ताटली होती, आणि तिचं तोंड डोंगरावरच्या मनोऱ्याकडे नसून आकाशाकडे होतं. विक्रम साराभाईंनी ज्याचा आग्रह धरला होता, ते हेच. शहरापासून सुरुवात करून हळूहळू बाहेर सरकायचं नाही, सर्वांत लांबच्या गावापासून सुरुवात करायची. साराभाई १९७१ मध्ये गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. आंध्र आणि कर्नाटकातल्या खेड्यांना चित्र एकच जाई, पण आवाजाच्या दोन वाटा होत्या, एक तेलुगू आणि एक कन्नड. शेती, आरोग्य, शाळेच्या मुलांसाठी विज्ञान, संध्याकाळी नाचगाणी.

मग वर्ष संपलं आणि उपग्रह परत गेला. संच तिथेच, ताटली तिथेच, वीज किंवा बॅटरी तिथेच, आणि पडद्यावर काही नाही. यंत्र शाबूत असताना टीव्ही काढून घेतला जाणं, हा अनुभव आधी त्या खेड्यांनी घेतला. आपण शहरवाल्यांनी तो पंचेचाळीस वर्षांनी घेतला. पुढे त्यांतल्या काही खेड्यांसाठी जमिनीवरचे प्रक्षेपक उभे राहिले. १९७७ मध्ये गुलबर्ग्याला प्रक्षेपक मिळाला तो यामुळेच. बंगळूरला केंद्र झालं १९८१ मध्ये. राजधानीच्या चार वर्षं आधी गुलबर्ग्यात टीव्ही, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

दुसरं उदाहरण गुजरातचं. खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. तिथे १९७५ मध्येच एक छोटा प्रक्षेपक बसला, एक किलोवॅटचा. अहमदाबादला इस्रोची मंडळी कार्यक्रम करत, आणि करत म्हणजे गावात जाऊन, गावच्या बोलीत, गावच्या माणसांना घेऊन. वेठबिगारी, दारू, सावकारी, मजुरी हे विषय. जिल्ह्यातल्या चारशेहून अधिक गावांत सार्वजनिक संच ठेवले होते. १९८४ मध्ये युनेस्कोने या प्रयोगाला पारितोषिक दिलं. १९८५ मध्ये पीजचा प्रक्षेपक उचलून चेन्नईला न्यायचा निर्णय झाला, तिथल्या दुसऱ्या वाहिनीसाठी. गावकऱ्यांनी विरोध केला. प्रक्षेपक गेला. एका महानगराला दुसरी वाहिनी मिळावी म्हणून एका जिल्ह्याची स्वतःची एकमेव वाहिनी गेली. मला विचाराल तर भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातला हा सर्वांत वाईट सौदा. पण नॉस्टॅल्जियाच्या एकाही कार्यक्रमात पीजचं नाव मी ऐकलेलं नाही.

बाकीचा पल्ला वाढला तो झपाट्याने. १५ ऑगस्ट १९८२ ला रंग आला आणि राष्ट्रीय प्रसारण आलं, नोव्हेंबरात दिल्लीचे एशियाड झाले. रंगीत प्रक्षेपण जुन्या कृष्णधवल संचावरही दिसे, हे त्या ‘पाल’ पद्धतीचं मोठेपण; कुणालाही आपला संच फेकावा लागला नाही. १९८४ मध्ये काही महिने जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होत होता. बहुतेक शंभर वॉटचे छोटे, ‘एलपीटी’. शंभर वॉट म्हणजे घरातला एक ठळक दिवा, आणि तेवढ्यावर एक तालुका चाले. तालुक्याच्या ठिकाणी पहिल्यांदा काड्या उभ्या राहिल्या त्या तेव्हा. पण आता एक गंमत बघा: या छोट्या प्रक्षेपकांचं स्वतःचं काही नव्हतं. ते दिल्लीचं उपग्रहावरून घेत आणि खाली सोडत. पल्ला वाढला, पीजसारखा आवाज वाढला नाही.

सीमेवर मात्र काड्यांना सरकारचं ऐकायची गरज नव्हती. अमृतसरपासून लाहोर पन्नासेक किलोमीटर, आणि लाहोरचा टीव्ही १९६४ पासूनचा. अमृतसरला स्वतःचं केंद्र मिळालं १९७३ मध्ये. मधली नऊ वर्षं तिथला अँटेना कुठे तोंड करून होता ते सांगायला नको. पाकिस्तानी नाटकांचे चाहते पंजाबात अजून भेटतात. दक्षिणेत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर श्रीलंकेचं ‘रूपवाहिनी’ दिसे, उंच खांब आणि बूस्टर लावून. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही उन्हाळ्यात कधीकधी भलतंच चित्र यायचं. समुद्रावर गरम कोरड्या हवेचा थर थंड दमट हवेवर बसला की लाट त्या दोहोंमध्ये नळीत सापडल्यासारखी लांबवर जाते. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या रडारला हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी मिळाले होते, ते याच कारणाने.

मुंबईकरांचा खरा त्रास वेगळाच. चित्रात भूत. वाचणाऱ्या बाईच्या उजवीकडे तीच बाई, फिकट. सरळ आलेल्या लाटेपाठोपाठ एखाद्या इमारतीवर आपटून आलेली लाट जरा उशिरा पोचायची. यात एक हिशेब आहे, मला तो फार आवडतो. पडद्यावरची एक आडवी रेघ डावीकडून उजवीकडे जायला ५२ मायक्रोसेकंद लागतात. लाट एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वीस इंची पडदा सुमारे ४० सेंटीमीटर रुंद. म्हणजे भूत आठ मिलिमीटर सरकलेलं असेल तर ती दुसरी लाट ३०० मीटर जास्त चालून आली आहे. पट्टीने मोजा, आणि कुठली इमारत आड आली त्याचा अंदाज बांधा. समोर नवा टॉवर उठला की नवं भूत. त्या काळातलं शहर कसं वाढलं हे आपल्या पडद्यावर दिसत होतं, आणि आपण अँटेना फिरवून ते घालवत होतो. एक जण छतावर, एक जिन्यात, एक संचासमोर. “आलं?” “आलं, आलं... गेलं!”

आता हे सगळं बंद आहे. केबलमुळे काड्या निरुपयोगी होत गेल्याच होत्या. प्रसार भारतीने जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले, आणि मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० वगळता उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं जाहीर केलं. शहरात आज जुना संच लावला तर मुंग्याच दिसतील. त्यातला एक लहानसा अंश विश्वाच्या सुरुवातीच्या प्रारणाचा असतो म्हणतात. ते खरं आहे, पण बहुतेक मुंग्या तुमच्या संचाच्या स्वतःच्या सर्किटमधल्याच.

कुणाकडे असा संच असेल तर एक सांगतो: मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्टचा भार असतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. जुना मेकॅनिक तो आधी जमिनीशी जोडून काढून टाकायचा. तसा माणूस जवळपास असेल तर त्यालाच बोलवा, आणि त्याच्याकडे सर्किटचे कागद असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

आणि छतावर गंजलेली काडी अजून उभी असेल, तर ती भंगारात देण्याआधी तीन गोष्टी टिपा. सर्वांत लांब काडी किती, एकूण काड्या किती, आणि होकायंत्र धरून तोंड कुठल्या दिशेला. मग नकाशावर तुमच्या घरापासून त्या दिशेला रेघ ओढा. ती जिथे एखाद्या टेकडीला लागेल, तिथे जाऊन बघा. मनोरा बहुधा अजून असेल, आता त्यावर मोबाइलवाल्यांची यंत्रं लागलेली.

पुढच्या भागात रेडिओच्या परवान्याबद्दल बोलू. तो पोस्टात दरवर्षी भरावा लागायचा, आणि टीव्हीलाही लागू होता.