रोजगार हमीचा पैसा आणि हाताचे कसब

भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर, नीरेच्या खोऱ्यात, हिर्डोशी हे गाव आहे. हा मुलूख म्हणजे जुने हिरडस मावळ. बांदल देशमुखांच्या या मावळाने शिवकालात स्वराज्यास लढवय्ये पुरविले. पुढे याच डोंगरातील माणसे पोटासाठी मुंबईची वाट धरू लागली. पाऊस विपुल, परंतु कसण्याजोगी जमीन थोडी. भाताची कापणी आटोपली की हात मोकळे. अशा गावांतील मोकळ्या हातांस काम देण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचा महाराष्ट्रातील इतिहास मोठा बोधप्रद आहे.

इंग्रजी अमदानीत हे काम दुष्काळापुरते व सरकारच्या मर्जीवर असे. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व एक आणा इतक्यावर आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने मजुरांची बाजू हिरिरीने मांडली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर मदतकार्याचे नियम लेखी झाले खरे. तथापि पाऊस पडला की कामे बंद होत. काम हा हक्क नव्हता, ती आपत्काळातील मेहेरबानी होती.

ही दृष्टी पालटण्याचे श्रेय मुख्यतः वि. स. पागे यांस दिले पाहिजे. विधान परिषदेचे सभापती असलेल्या पागे यांच्या कल्पनेनुसार १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे हा प्रयोग प्रथम झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याची निकड सर्वांस पटली. पुढे १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. अंगमेहनतीस तयार असलेल्या ग्रामीण प्रौढाने काम मागावे व सरकारने ते द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा, असे त्याचे सार होय.

परंतु हमी म्हणजे केवळ शब्द नव्हे. तिच्यामागे थैली लागते. ती थैली १९७५ च्या व्यवसाय कराने भरली. राज्यघटनेचे २७६ वे कलम असा कर राज्यासाठी, तसेच नगरपालिका व जिल्हा मंडळे यांसारख्या स्थानिक संस्थांसाठी बसविण्याची मुभा देते. महाराष्ट्राने तो राज्यभर बसवून रोजगार हमीच्या निधीकडे वळविला आणि सरकारने त्यात आपल्या तिजोरीतून तितकीच भर घालावयाची, असे ठरले. मुंबईतील कारकुनाच्या पगारातून कापलेले चार रुपये अशा रीतीने खेड्यातील मजुराच्या हाती पडू लागले. ज्या शहराने गावची माणसे ओढून नेली, त्यानेच मागे राहिलेल्यांचा भार काही अंशी उचलावा, यात एक न्याय होता.

या पैशातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली, रस्ते झाले. कामावर येणाऱ्यांत स्त्रियांचा वाटा मोठा होता. १९९० पासून फळबाग लागवडही या योजनेस जोडण्यात आली. पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्याने देशभर प्रत्येक ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठी १०० दिवसांच्या कामाची हमी दिली; त्यामागे महाराष्ट्राचाच अनुभव होता.

मात्र एक उणीव राहून गेली. हमी होती ती अकुशल कामाची. कुदळ धरणारा हात दहा वर्षांनंतरही कुदळच धरी. त्यास गवंड्याचे, सुताराचे वा यंत्रदुरुस्तीचे कसब या थैलीतून सहसा लाभले नाही. कसब शिकविण्याची काही जबाबदारी स्थानिक संस्थांकडे गेली. जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवतात. त्यातून शिवणकाम, संगणक इत्यादी वर्ग चालतात. हेतू स्तुत्य आहे. पण ज्या गावाचे उत्पन्नच थोडे, त्याच्या दहाव्या हिश्श्यात शिक्षक किती ठेवावयाचा आणि यंत्रे किती घ्यावयाची? जेथे गरज अधिक तेथेच थैली रिकामी, असा हा विपरीत न्याय आहे.

पागे यांच्या योजनेचे मर्म काम देण्यात होते, तितकेच ते दूरच्या श्रीमंत शहराचा पैसा गरीब गावापर्यंत कायद्याने पोचविण्यात होते. कसबाच्या शिक्षणास तीच वाट मोकळी करून दिल्यावाचून डोंगरातील तरुण मुंबईस जाईल तो केवळ ओझी उचलण्यासाठी. त्याने जावे की राहावे हे त्याचे त्याने ठरवावे; पण जाताना त्याच्या हाती काही विद्या असावी, एवढी तरी हमी समाजाने देणे लागते.