शाम्पूची रिकामी पुडी ही कोणाची जबाबदारी?

नांदेडचे वजिराबाद असो की लातूरची गंजगोलाई, किराणा दुकानाच्या दाराशी शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या दिसतात. एक-दोन रुपयांची पुडी एका अंघोळीत संपते, पण तिचे पाकीट नालीत किंवा उकिरड्यावर वर्षानुवर्षे पडून राहते. जाहिरातीत 'नैसर्गिक', 'पर्यावरणपूरक', 'समाजासाठी' असे शब्द असतात. प्रत्यक्षात कंपनीवर कायद्याने कोणती जबाबदारी येते?

पुडी आली कुठून?

पुडीतल्या शाम्पूची सुरुवात तमिळनाडूतल्या कडलूरची. तिथले चिन्नी कृष्णन हे या कल्पनेचे जनक मानले जातात. त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या कंपनीच्या 'चिक' शाम्पूने पुडी खेडोपाडी पोहोचवली. बाटली न परवडणाऱ्या घरांतही त्यामुळे शाम्पू आला. म्हणून 'पुडीच बंद करा' हे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

बाटली आणि पुडीत फरक काय?

खोबरेल तेल पूर्वी पत्र्याच्या डब्यात मिळे. हर्ष मारीवाला यांनी 'पॅराशूट' प्लास्टिकच्या बाटलीत आणले, तेव्हा उंदीर बाटली कुरतडतील अशी दुकानदारांना भीती होती. म्हणून बाटली गोल केली गेली. ही बाटली एकाच जातीच्या जाड प्लास्टिकची असते, त्यामुळे भंगारवाला ती किलोवर विकत घेतो.

पुडीत मात्र वेगवेगळ्या पदार्थांचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणे अवघड असते. वजनही नगण्य, त्यामुळे कचरा वेचणाऱ्यांना ती गोळा करणे परवडत नाही.

कायदा काय सांगतो?

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ नुसार गुटखा, तंबाखू आणि पानमसाल्यासाठी प्लास्टिकच्या पुड्यांना बंदी आहे. शाम्पूच्या पुडीला ती लागू नाही. मात्र १६ फेब्रुवारी २०२२ च्या 'विस्तारित उत्पादक जबाबदारी'च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ब्रँडने बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात कचऱ्यावर प्रक्रिया होईल याची जबाबदारी त्या ब्रँडवरच आहे. यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घेऊनही उद्दिष्ट पूर्ण करता येते.

मेख इथेच आहे. हा हिशेब वजनावर चालतो, गावावर नाही. दुसऱ्या राज्यात प्रक्रिया झालेल्या प्लास्टिकवर कंपनीचे उद्दिष्ट पूर्ण होऊ शकते आणि अहमदपूर किंवा कंधारची पुडी नालीतच राहू शकते.

मग सीएसआर म्हणजे काय?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. म्हणजे शाळेला किंवा पाणलोटाच्या कामाला दिलेला हा पैसा निव्वळ औदार्य नसतो. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. त्यामुळे जिथे कारखाना आहे त्या भागाकडे निधी साहजिकच वळतो. जिथे फक्त ग्राहक आहेत, त्या भागाच्या वाट्याला बऱ्याचदा रिकामी पाकिटेच येतात.

पाण्याचा प्रश्न

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा भागात केसांचे उत्पादन किती कमी पाण्यात धुतले जाते, हाही पर्यावरणाचाच निकष ठरतो. जाहिरातीत तो क्वचितच दिसतो.

ग्राहकाने काय पाहावे?

• ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या 'हिरव्या' दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार 'पर्यावरणपूरक' म्हणणाऱ्याने त्याचा आधार द्यायला हवा.
• दावा बाटलीपुरता आहे की आतल्या द्रवाचाही, हे वाचावे.
• घरात वापर नेहमीचा असेल तर मोठी बाटली घ्यावी आणि रिकामी झाल्यावर भंगारात द्यावी.
• नोंदणीकृत कंपनीचा सीएसआर खर्च तिच्या वार्षिक अहवालात असतो. समाजमाध्यमावर कंपनीला प्रश्न विचारायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करावी.