मेणाचा साचा

पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वर-वाईच्या वाटेने पुण्यास निघालेल्या प्रवाशास प्रतापगड आठवतो, पेशवाई आठवते. सौंदर्यशल्यकर्म आठवण्याचे काही कारण नसते. तथापि त्या विद्येच्या दप्तरातील एक थोर नोंद पुण्याचीच आहे.

1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेचा कावसजी नावाचा बैलवाला टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून सुटला. वर्षभराने पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या एका कारागिराने त्यास नवे नाक बसविले. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकीकत छापली; तीत कारागिराची जात आहे, नाव नाही.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून घाट घ्यावयाचा, तोच सपाट करून कपाळावर ठेवून भोवती रेघ ओढावयाची, आणि तेवढीच कातडी सोलून, रक्त खेळते राहावे म्हणून भुवयांमधील चिंचोळी पट्टी न तोडता, ती खाली वळवावयाची. वर कात माखलेल्या पाच-सहा चिंध्या चार दिवस, मग तुपात भिजविलेले कापड. पट्टी तोडावयाची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास! ही हकीकत वाचूनच इंग्रज शल्यवैद्य कार्प्यूने 1814 मध्ये लंडनात तोच प्रयोग केला.

मला मोह पडतो तो त्या मेणाचा: आधी त्याच देहावर माप, मग कातडीस हात. आजच्या सौंदर्यशल्यकर्मात हा क्रम अनेकदा उलटतो. 1962 मध्ये ह्यूस्टनच्या क्रोनिन व जेरो यांनी सिलिकॉनची पिशवी स्त्रीच्या छातीत प्रथम बसविली, तेव्हापासून आकाराची निवड पुष्कळदा हौसेवर सोपविली गेली. वस्तुतः आधी मोजावयाची ती स्तनाच्या तळाची रुंदी आणि कातडीची जाडी. त्याहून रुंद इम्प्लांट घातले की कडा हातास लागतात, कातडी ताणून विरळ होते. पिशवी कातडीस न शिवता आत सरकविणे, हातमोजे बदलणे, रक्तस्राव पुरता थांबविणे ही पथ्येही हौसेची नव्हेत, कारण आत शिरलेल्या थोड्या जंतूंमुळेही शरीराने पिशवीभोवती धरलेले आवरण पुढे आवळून कठीण होऊ शकते. खरखरीत पृष्ठाच्या पिशव्यांच्या काही जातींचा एका दुर्मीळ लसिकाकर्करोगाशी संबंध आढळल्याने 2019 मध्ये त्या बाजारातून परत घेतल्या गेल्या.

पुण्याच्या त्या कारागिराचा मेणाचा पत्रा बहुधा त्याच दिवशी वितळला असेल. आजच्या स्त्रीने मात्र इम्प्लांटच्या क्रमांकाचे कार्ड पेटीत जपावे. 2010 मध्ये फ्रान्सच्या एका कारखान्याच्या पिशव्यांत औद्योगिक सिलिकॉन निघाले, तेव्हा आपल्या छातीत कोणत्या कारखान्याची पिशवी आहे, हे अशाच कागदांवरून शोधावे लागले.