फिरत्या घराच्या छपरावरील एरियल

इ. स. १९०१ मध्यें इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पूल गांवाजवळ मार्कोनीनें एका वाफेवर चालणाऱ्या गाडीवर बिनतारी संदेशाचे प्रयोग केले. थॉर्निक्रॉफ्ट कारखान्याच्या त्या गाडीच्या छपरावर धातूचें एक उंच नळकांडें बसविलें होतें. संदेश देतांना घेतांना तें उभें करावयाचें आणि प्रवासास निघतांना छपरावर आडवें निजवावयाचें, अशी त्याची योजना होती. पुढें अमेरिकेंत जीं फिरतीं घरें रस्त्यांवर दिसूं लागलीं, त्यांच्या माथ्यावरील दूरचित्रवाणीच्या एरियलचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

फिरतें घर म्हणजे चाकांवरील बिऱ्हाडच. निजावयाची सोय, चूल, न्हाणी सर्व आंत असून मुक्काम मात्र नित्य नवा. अशा घरांत सायंकाळीं चित्र दिसावें ही इच्छा केवळ करमणुकीची नव्हे. अमेरिकेच्या मध्यभागांतील मैदानांत वसंत ऋतूंत भयंकर चक्रवाती वावटळी उठतात, आणि त्यांचा इशारा स्थानिक केंद्रें देतात. वावटळींत हलकें घर आधीं उलथतें. तेव्हां छपरावरील कांडीस चित्र लागतें कीं नाहीं हा प्रश्न कित्येकदां जिवाचा होतो.

अडचण अशी कीं, दूरचित्रवाणीच्या लहरी बहुतांशीं प्रकाशाप्रमाणें सरळ जातात. मध्यें टेकडी आली कीं त्या क्षीण होतात. स्थिर घरावर उंच खांब रोवितां येतो. चाकांवरच्या घरास पुलाखालून जावें लागतें. शिवाय छप्पर पत्र्याचें असेल, आणि कांडी त्याच्या अगदीं जवळ आडवी असेल, तर पत्र्यावरून परतलेली लहर सरळ आलेल्या लहरीस मारून टाकते. कांडीची लांबीहि साधारणतः लहरीच्या निम्मी असावी लागते. अमेरिकेंतील दुसऱ्या क्रमांकाच्या वाहिनीसाठीं ती अडीच मीटरांहून अधिक भरते. १९५२ मध्यें तेथील सरकारनें ४७० मेगाहर्ट्‌झच्या वरील लहरी दूरचित्रवाणीस खुल्या केल्या. त्यांस दीड वितीच्या आंतील कांडी पुरते.

पण खरी गोष्ट दिशेची. तिचें श्रेय जपानांतील सेंदाई येथील विद्यापीठाकडे जातें. १९२६ मध्यें तेथें शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी यांनीं एका कांडीच्या मागें थोडी लांब व पुढें थोड्या आंखूड कांड्या समांतर ठेविल्या, आणि त्यांस तारेनें न जोडतांहि लहर एका दिशेनें एकवटते असें दाखविलें. प्रयोगाचे कष्ट मुख्यतः उदाचे; परंतु १९२८ मध्यें यागीनें इंग्रजींत निबंध लिहिला आणि जगानें त्याचेंच नांव उचललें. हा अन्यायच म्हटला पाहिजे. स्वदेशांत मात्र दोघांकडेहि फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९४२ च्या फेब्रुवारींत सिंगापूर पडल्यावर एका इंग्रज सैनिकाची टिपणें जपान्यांच्या हातीं लागलीं. रडारच्या वर्णनांत ‘यागी’ हा शब्द पुनःपुन्हां येई, त्याचा अर्थ कोणास लागेना. अखेर तें तुमच्याच एका प्राध्यापकाचें नांव आहे, असें युद्धकैद्यानें सांगितलें! १९७२ च्या २ ऑक्टोबरला मुंबईचें दूरदर्शन केंद्र सुरू झाल्यावर गच्च्यागच्च्यांवर जी ॲल्युमिनियमची शिडी चढली व कावळ्यांस बसावयास सोयीची झाली, ती हीच.

मुंबईची शिडी एकदां रोखली कीं झालें. फिरत्या घराचें केंद्र मात्र आज पूर्वेस तर उद्यां उत्तरेस. म्हणून छपरांतून दांडा आंत घेऊन, हातानें मूठ फिरवून एरियल उभारण्याची, वळविण्याची व निजविण्याची युक्ति निघाली. इंग्लंडांत आणखी एक कटकट असते: मोठ्या केंद्रांसाठीं कांड्या आडव्या, तर बहुतेक लहान उपकेंद्रांसाठीं उभ्या ठेवाव्या लागतात.

लहर वाढविणारें लहानसें यंत्र बारा व्होल्टांच्या बॅटरीवर चालतें. तें एरियलच्या बुडाशींच असावें, कारण तारेंत कांहीं अंश जिरतो व मागाहून वाढविल्यास खरखरहि वाढते. जें एरियलनें पकडलेंच नाहीं, तें हें यंत्र निर्माण करूं शकत नाहीं. केंद्र जवळ असेल तर उलट तें बंद करावें लागतें.

१२ जून २००९ रोजीं अमेरिकेंतील मोठ्या केंद्रांनीं जुनी पद्धति सोडून अंकीय प्रक्षेपण स्वीकारलें. पूर्वी लहर क्षीण झाली कीं पडद्यावर बर्फ पडल्यासारखें दिसे, तरी माणूस ओळखूं येई. आतां चित्र एक तर स्वच्छ, नाहीं तर मुळींच नाहीं. त्यामुळें चित्र पाहत पाहत एरियल वळविणें निरुपयोगी ठरलें. थोडें वळवावें, थांबावें, ग्राहकयंत्रास पुन्हां शोध घेऊं द्यावा, मग आणखी थोडें वळवावें, असा धीर धरावा लागतो. निघतांना एरियल खालीं घेण्याचें विसरून तें झाडाच्या फांदीस अर्पण करणारे प्रवासी कमी नाहींत. जाणते लोक त्यासाठीं सुकाणूच्या चाकास एक चिठ्ठी बांधून ठेवितात.